मोटेत बसलेले चिंचोले मास्तर

चिंचोले मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिळलेलं लुगडं होतं आणि ते झटकायची मला परवानगी नव्हती. लग्न होऊन मी मेहकराहून जळगाव जामोदला आले त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. परसात लुगडं वाळत घालायला गेले, ते झटकणार एवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली.

"खबरदार! हालू नका! लुगडं झटकसान तं वारा सुटन!"

पाहते तो पलीकडे तीन पायांची घोडी, घोडीवर पेटी, पेटीवर काळं फडकं आणि फडक्याखालून निघालेले धोतरातले दोन पाय. समोर काकडीच्या वेलावर एक बोटभर पिवळं फूल. मी नवी नवरी, घाबरून तशीच उभी राहिले. लुगड्याचं पाणी कोपरावरून चोळीत उतरत होतं. बऱ्याच वेळानं 'खट्' असा आवाज झाला, फडकं बाजूला झालं आणि भरघोस मिशांचा एक वाळका चेहरा बाहेर आला.

"आता झटका," एवढं म्हणून तो चेहरा पेटी उचलून घरात गेला.

मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो चिंचोले मास्तर. पागल नाही, पन जवळपास हाये."

मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. पेन्शन झाली, पोरं सुटली, 'सावधान' तेवढं तोंडात राहिलं. आता ते फुलांना, सरड्यांना, वाऱ्याला आणि शेजाऱ्यांना सावधान करत. कॅमेरा त्यांनी तरुणपणीच अकोल्याच्या कुठल्याशा लिलावातून आणला होता. घरात ते एकटेच. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, मागं परसबाग, आणि त्या बागेबाहेरचं काहीही त्यांनी पेटीत धरल्याचं कोणाला माहीत नव्हतं. दारातून उभा सातपुडा दिसायचा. कोणी म्हणालं, मास्तर, डोंगराचा फोटो काढा की, तर म्हणत, "डोंगर कुठी जाते? तो उद्या बी राह्यते. हे फूल दुपारी मिटते."

अळूच्या पानावरचा थेंब, कडुलिंबावर अडकलेली सापाची कात, कुंपणावर मान हलवणारा सरडा, असले त्यांचे विषय. सरडा मान हलवायचा आणि मास्तर त्याला शिव्या द्यायचे. फांदी हलू नये म्हणून तिला दोऱ्यानं बांधायचे, वारा अडवायला गोधडी टांगायचे, आणि आमच्या घरात मिरच्या कुटायला घेतल्या की कुंपणाशी येऊन उभे राहायचे. "सूनबाई, तुमच्या मुसळानं माह्या कोळ्याचं जाळं हालून राह्यलं."

सासूबाईंचं आणि त्यांचं जास्वंदीवरून हाडवैर होतं. झाड आमचं, फांद्या त्यांच्याकडे. सासूबाईंना पहाटे गणपतीला फूल हवं, मास्तरांना तेच फूल ऊन येईपर्यंत झाडावर हवं. एकदा सासूबाईंनी हात घातलाच.

"काकू, थांबा! देव थांबते, ऊन थांबत नाही!"

"मंग उन्हाचीच पूजा कर!" असं म्हणून सासूबाईंनी फूल तोडलं. त्यानंतर दोघं महिनाभर बोलले नाहीत. तरीही सणावाराला पुरणपोळीचं ताट त्यांच्याकडे जायचं ते जायचंच. वैर वेगळं आणि सण वेगळा, असा सासूबाईंचा हिशेब. मास्तर ताट दारातच घेत, आपल्या ताटलीत रिकामं करून घेत, तिथल्या तिथं विसळून परत देत. आत या, बसा, काही नाही. "भांडं घेऊनच जा. लोकाचं भांडं घरात राह्यलं का जीवाले घोर लागते." आम्हाला तो तुसडेपणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर होताही.

माझ्या मोठ्या मुलाच्या बारशाला तर कहर झाला. गावात कॅमेरा तो एकच. सासूबाई जुनं वैर गिळून स्वतः बोलवायला गेल्या. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "माणसाचा फोटू म्या काढत नसतो. माणूस हालते. अन् पोट्टं तं जास्तच हालते." सासूबाई परत आल्या त्या लालबुंद होऊन. "सरड्याचा काढते, अन् माह्या नातवाचा नाही!" मलाही तेव्हा रडू फुटलं होतं.

मग जर्मनीची लढाई आली. मास्तरांच्या त्या कॅमेऱ्याला काचा लागत, एका काचेवर एक फोटो. त्या मुंबईहून यायच्या. आधी महाग झाल्या, मग यायच्याच बंद झाल्या. होता होता मास्तरांकडे एक काच उरली. काळ्या कागदात गुंडाळून ती त्यांनी धान्याच्या कोठीत ठेवली होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवसांत त्यांची दशा पाहवत नव्हती. रिकामी पेटी घेऊन फुलासमोर बसायचे, फडक्याखाली जायचे, आणि बाहेर येऊन मान हलवायचे. "हे नाही. ह्याच्यावर ते काच खर्चू नाही."

भादव्यात पावसानं ओढ दिली. मास्तरांच्या कुंपणाला लागून रहीमभाई बागवानाचा मळा होता. वांगी, मिरची, थोडी केळी. पिकं माना टाकायला लागली तशी रहीमभाईनं बैल जुंपून मळ्यातल्या विहिरीवर मोट सुरू केली. त्या विहिरीच्या काठावर एक वाकलेली बाभूळ होती, आणि तिच्या फांद्यांना सुगरणींची घरटी थेट विहिरीच्या आत लोंबत होती. एका घरट्यात पिल्लं झाली होती. चिवचिवाट वरपर्यंत यायचा. मास्तर दिवसभर काठावर पालथे पडून ऐकायचे.

एक दिवस ते आमच्या कुंपणाशी आले. चेहरा असा की कोणीतरी देवाघरी गेल्याची बातमी घेऊन आलेत.

"काच खर्चाची ठरली सूनबाई. सुगरनीवर."

"मग काढा की."

"कशी काढू? तिच्या घरट्याचं दार खालून राह्यते. वरून पाह्यलं तं नुसतं गवत. खालून गेल्याबिगर मायलेकरं दिसत नाही. अन् पिल्लं एक-दोन रोजात उडतीन."

खालून म्हणजे विहिरीतून. मास्तरांनी उपाय शोधला होता. मोटेत बसायचं, बैलांनी मोट खाली सोडायची, घरट्याच्या खाली अधांतरी थांबवायची. हे ऐकून रहीमभाईनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"मास्तर, माह्ये बैल दोनच गोष्टी जानते. धावेवर उतरनं अन् मांगं सरकनं. मधात थांबनं त्याइले कोनं शिकवलं? बिदकले तं? मी कोनाले जवाब देऊ?"

"माह्यावाला जवाब मागाले कोन येते?" मास्तर म्हणाले. आम्ही सगळे हसलो. "अन् उभं राह्याचं मी शिकवतो. जन्मभर पोट्टे उभे केले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात जो प्रकार झाला तो पाहायला गल्ली लोटली. मोटेत मास्तरांऐवजी दगड भरले होते. मास्तर धावेवर, म्हणजे बैल मोट ओढत उतरतात त्या उतारावर, छाती काढून उभे. "सावधान!" बैल रवंथ करत उभे. "विश्राम!" तरी बैल उभे. मास्तर खूश झाले. रहीमभाई मात्र खूश नव्हता. तो मला हळूच म्हणाला, "भाभी, हे थांबले काऊन, तं मी त्याइच्या डोळ्यापुढं उभा हाय म्हनून."

दुपारी ऊन डोक्यावर आलं. तेवढाच वेळ सूर्य विहिरीत उतरायचा. सासूबाई "मी असले तमाशे पाहत नसते" म्हणत सगळ्यांच्या आधी काठावर येऊन बसल्या होत्या. मला मास्तरांनी आमच्या घरातला आरसा आणायला लावला होता. उन्हाची तिरीप घरट्यावर पाडायची, हे माझं काम.

"हात कापू देऊ नका सूनबाई."

"तुम्हीच पडू नका म्हणजे झालं."

मास्तर मोटेत उतरले. चामड्याच्या त्या पिशवीत ते छातीपर्यंत बुडाले, वर नुसत्या मिशा आणि कॅमेरा. बैल पावलापावलानं मागं सरकायला लागले. चाक कुरकुरलं. नाडा, तो जाडजूड दोर, जुनाच होता, आणि मला त्याचे सुटलेले धागे आता पहिल्यांदाच दिसायला लागले. मोट गोल फिरत खाली गेली. घरट्याच्या खाली दोन हातांवर आली तेव्हा मास्तरांनी हात वर केला. रहीमभाईनं बैलांना थोपवलं.

थांबले. खरंच थांबले.

पण घरट्याच्या दाराशी सुगरण नव्हती. इतकी माणसं पाहून ती बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसली होती. ती आल्याशिवाय मास्तर काच खर्चणार नव्हते. आम्ही वाट पाहू लागलो. आरसा धरून माझ्या हाताला रग लागली. खाली काळं पाणी, त्याच्यावर लटकलेला म्हातारा, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या दोन बैलांच्या माना. कोणी खोकत नव्हतं. ऊन विहिरीच्या भिंतीवरून सरकायला लागलं होतं. शेवटी सुगरण एक फांदी खाली आली. मग आणखी एक. मास्तरांनी कॅमेरा वर रोखला.

आणि रहीमभाई नाड्यावर बसला.

त्याचा काय दोष? मोट भरली की मोटकऱ्यानं नाड्यावर बसायचं, त्याच्या वजनानं बैलांना उतारावर हलकं जातं. जन्मभराची सवय. उभं राहून राहून त्याचे गुडघे दुखायला लागले, तो बैलांपुढून मागं आला, तिथं ताणलेला नाडा होता, त्यावर टेकला. आणि मानेवर तो ओळखीचा भार येताच बैलांना वाटलं, मोट भरली. ते निघाले.

मोट सणाणत वर आली. घरटं मागं पडलं, सुगरण भुर्रकन उडाली. मास्तर चाकाकडे येत होते आणि चाकाशी मोट उलटते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. "या अल्ला!" म्हणून रहीमभाईनं नाड्यावरून उडी टाकली आणि बैलांच्या वेसणी धरल्या. बैल बिचकून भराभर मागं सरकले. मोट जशी वर आली तशीच दगडासारखी खाली गेली. आधी धप्पकन आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही.

आम्ही सगळे काठावर ओणवलो. रहीमभाई धावत आला, वाकला, त्याची टोपी विहिरीत पडली. सासूबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. हाताखालून त्यांचा आवाज फुटला, "मास्तर! अरे बोल ना रे बाबा!"

पाणी हिंदकळत होतं, त्यावर आदळून उलटलेलं ऊन आमच्या तोंडांवर नाचत होतं. हळूहळू ते थांबलं. मग दिसले. मोट पाण्यात तरंगत होती, मास्तर कमरेपर्यंत पाण्यात, डोक्यावरून पाणी गळतंय, आणि दोन्ही हातांनी कॅमेरा उंच धरलेला. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग तीच कवायतीच्या मैदानावरची आरोळी.

"हालू नका कोनी!"

आम्ही जागच्या जागी थिजलो. खाली 'खट्' झालं.

"आता ओढा," मास्तर म्हणाले. ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात रहीमभाईची ओली टोपी होती.

पुढं दोन दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. सुगरण आली का फोटोत? पिल्लं दिसतात का? मास्तर दार लावून काच धूत बसले होते. तिसऱ्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, "बिघडली." एवढंच. पिल्लं तोवर उडून गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "झालं! जीव जात होता, अन् शेवटची काच बी गेली." पण त्या दिवशी त्यांनी जास्वंदीचं फूल तोडलं नाही, हे मी पाहिलं.

विहिरीतल्या पाण्यानं असो की वयानं, मास्तरांना हिवताप भरला. त्यांचं दार उघडलं नाही तशी सासूबाईंनी मुगाची खिचडी दिली आणि मला म्हणाल्या, "दारातून देऊ नको. आत जाय."

मी दार ढकललं आणि पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं. मला वाटलं होतं, भिंतीभर फुलं आणि सरडे असतील. तसलं काही नव्हतं. ते सगळे फोटो कोपऱ्यातल्या एका उघड्या ट्रंकेत पडून होते. भिंतीवर, खाटेवरून डोळे उघडले की दिसतील अशा, दोनच चौकटी होत्या.

एक जुनी, पिवळी पडलेली. खुर्चीवर एक बाई बसलेली. लुगड्याचा काठ स्वच्छ दिसत होता, हातातल्या बांगड्या दिसत होत्या, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा धूर. दुसरी नवी. मधोमध आभाळाचा गोल पांढरा तुकडा, आणि त्याच्या कडेनं आम्ही. तोंडावर हात दाबलेल्या सासूबाई, बोडक्या डोक्याचा रहीमभाई, आरसा छातीशी धरलेली मी, आणि गल्लीतली बाकी माणसं. सगळ्यांच्या डोळ्यांतली भीती स्पष्ट दिसत होती. सुगरणीचं घरटं एका कोपऱ्यात अर्धं कापलं गेलं होतं.

मास्तर खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होते.

"ते हासली," पहिल्या चौकटीकडे बोट करून म्हणाले. "म्या सांगतलं होतं, हालू नको. तिले हासूच आवरलं नाही. दुसरा फोटू काढू म्हटलं, तं राहूनच गेला."

मी उगाच पदर सारखा केला.

"सुगरन काय, पुढच्या साली बी येते," ते म्हणाले. "पन तुम्ही सारे... कोनी बी हाललं नाही."

मी खिचडी त्यांच्या ताटलीत वाढली आणि सवयीनं पातेलं विसळायला उचललं. मास्तरांनी हात वर केला.

"राहू द्या ते भांडं. उद्या येसान तवा नेसान."