चौकस आजोबांचा सत्कार

"कार्यक्रमाला वर्ष होतंय, तेव्हा चौकस आजोबांचा सत्कार करायचा," असे स्टेशनचे साहेब म्हणाले आणि निवेदकाचा निम्मा चहा बशीत सांडला. सत्काराला त्याची हरकत नव्हती. अडचण एवढीच होती, की चौकस आजोबा नावाचा श्रोता या पृथ्वीतलावर नव्हता.

'असं का बरं?' हा रेडिओवरचा कार्यक्रम निवेदक रोज सकाळी करत असे. श्रोत्यांनी कुतूहलाचे प्रश्न पाठवायचे आणि त्याने जाणकारांना गाठून उत्तरे द्यायची, असा साधा बेत होता. पण श्रोत्यांना कुतूहल असेल तर ना! एकाने शेजाऱ्याची स्कूटर दारातून हलवण्याचा उपाय विचारला. दुसऱ्याने 'तुमचा आवाज कायमच बसलेला असतो का' अशी चौकशी केली. निवेदकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात साहेबांनी बजावून ठेवले होते, की प्रश्न आटले तर कार्यक्रम बंद आणि तुमची रवानगी बाजारभाव वाचायला. मग त्याने चडफडत स्वतःच एक श्रोता पैदा केला. डास झोपतात का? आरशात डाव्याचे उजवे होते, मग वरचे खाली का होत नाही? असे एकेक प्रश्न तो चौकस आजोबांच्या नावावर खपवी आणि आवाजात पाक ओतून म्हणे, "वा आजोबा, काय सुंदर प्रश्न विचारलात!" गाव त्या आजोबांवर खूश होते.

आता सत्कार म्हटल्यावर त्याने आजोबांना तातडीने आजारी पाडले. साहेबांनी लगेच रेडिओवरून त्यांच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा दिल्या. दुपारपर्यंत फोनची रांग लागली. एक डॉक्टर घरी येऊन फुकट तपासायला तयार झाले आणि एका बाईंनी पथ्याच्या जेवणाचा डबा पाठवला. तो निवेदकाने रागारागाने खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांना बरे करून मुलीकडे परगावी धाडले.

"मग फोनवर मुलाखत घेऊ," साहेब म्हणाले.

"त्यांच्याकडे फोन नाही, साहेब."

"मग इतके दिवस प्रश्न कसे पाठवतात?"

निवेदकाने दात ओठ खाल्ले. साहेबांना नेमकी याच वेळी अक्कल कुठून सुचली, हे त्याला कळेना. साहेबांनी मात्र फार विचार केला नाही. ते स्वतः माइकपुढे बसले आणि आजोबा, असाल तिथून या, सत्काराची आरामखुर्ची तुमची वाट पाहतेय, असे भावनिक आवाहन करून मोकळे झाले. ते आवाहन दिवसभर तासातासाला वाजत राहिले.

सत्काराच्या सकाळी रखवालदाराने आत फोन केला. चौकस आजोबा आले होते.

निवेदक भडकलाच. फुकटच्या खुर्चीसाठी कोण भामटा आला असेल? त्याला तोतया म्हणून हाकलावे, तर खरे आजोबा कुठे आहेत ते सांगावे लागणार. आपण निर्माण केलेला माणूस दुसऱ्या कोणीतरी परस्पर पळवला, या विचाराने धुमसतच तो स्टुडिओत शिरला. आत साहेबांच्या शेजारी त्याचे स्वतःचे वडील बसले होते. अंगात त्याचाच निळा शर्ट होता आणि ते चहात बिस्किट बुडवत होते.

साहेब हार आणायला बाहेर गेले, तशी त्याने खालच्या आवाजात तोफ डागली. "बाबा, आत्ताच्या आत्ता घरी चला. असा कोणी माणूसच नाहीये. तो मी बनवलाय."

"तू बनवलायस?" बाबांनी कप खाली ठेवला. "डास झोपतात का, हे जेवताना कोणी विचारलं होतं? तू म्हणालास, बाबा, डोकं खाऊ नका. आरशाचं विचारलं, तर दार आपटून निघून गेलास. आणि सकाळी सूनबाई रेडिओ लावते, तर त्यात म्हणतोस, वा आजोबा, काय सुंदर प्रश्न."

निवेदकाला हे खरोखरच आठवत नव्हते. प्रश्न आपल्याला बसमध्ये सुचतात, असे तो आजवर समजत आला होता. आपणच चुकलो असे दिसताच तो आणखी चिडला. त्याने नोकरी जाईल म्हणून आधी धमकावले आणि मग हात जोडले.

"कोणाला सांगणार नाही मी," बाबा म्हणाले. "पण मला न विचारता आजारी पाडलंस, ते काही बरं केलं नाहीस."

हार पडला, खुर्ची मिळाली आणि कार्यक्रम सुरू झाला. साहेबांनी आजोबांना समोरासमोर एक प्रश्न विचारण्याची विनंती केली. बाबांनी माइक जवळ ओढला.

"आमच्या बाथरूमची कडी तुटलीय. कित्येक महिने झाले. आत माणूस आहे हे कळावं म्हणून मला या वयात अंघोळ होईस्तोवर मोठ्यानं गाणं म्हणावं लागतं. मुलाला सांगितलं, की अंगावर खेकसतो. असं का बरं?"

फोनचे सगळे दिवे एकदम लागले. वर्षभर एक धड प्रश्न न विचारलेले श्रोते आता तावातावाने एकच गोष्ट विचारत होते, की हा नालायक मुलगा राहतो कुठे. एका सुताराने हत्यारे घेऊन निघाल्याचे कळवले. निवेदकाचे कान लाल झाले होते, पण प्रक्षेपण चालू होते, म्हणून त्याने आवाजात होता नव्हता तेवढा पाक ओतला.

"वा आजोबा, काय सुंदर प्रश्न. कडी आज संध्याकाळी नक्की बसेल."

"हे तू गेल्या महिन्यातही म्हणाला होतास," बाबा सवयीने बोलून गेले.

साहेबांनी आधी बापाकडे पाहिले, मग मुलाकडे. आजोबांचा आजार, परगाव, नसलेला फोन, सगळे त्यांच्या ध्यानात येत गेले आणि त्यांचा चेहरा रागाने फुगत गेला. निवेदकाला समोर बटाट्याचे आणि कांद्याचे भाव दिसू लागले. एवढ्यात साहेबांची नजर फोनकडे गेली. एकही दिवा विझला नव्हता. त्यांनी गाणे लावायची खूण केली, माइक बंद केला आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "उद्यापासून रोज दोघंही यायचं. आणि ती कडी बसवायची नाही."