पैले खोट, मंग चाबी

गुणवंतरावांच्या लॉजवर खोली मागितली की ते चावी देत नाहीत. आधी पायात चप्पल सरकवतात, चष्म्याची दोरी मानेवर नीट बसवतात आणि म्हणतात, "चला. पैले खोट पाहा, मंग चाबी."

मग वरात निघते. पुढे ते, मागे बॅग घेतलेले आपण.

"हा पंखा. दोनवर चालते, तीनवर वरडते. चारवर लावू नका, मीही लावत नाई. हे गिझर. पैली बादली गरम, दुसरी कोमट, तिसरी तुमचं नशीब. ही खिडकी उघडते, पण बंद होत नाई. बंद कराची असन तर ही खुर्ची टेकवा. खुर्ची त्याच्यासाठीच आहे, बसासाठी दुसरी देतो. अन् वर ती पाल. ते माह्या आंधीपासून इथं आहे, तिले काही म्हणू नका." एवढं झालं की दारात वळून, बोट उंच करून शेवटचं वाक्य येतं, "नंतर म्हणसान, गुणवंतानं सांगतलं नाई!"

नाव गुणवंत आणि धंदा अवगुण सांगण्याचा.

केळझरहून आत जंगलाच्या बाजूला वळलं की एक तलाव लागतो. त्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून हा पाच खोल्यांचा 'सरोवर लॉज'. पाटीवर कमळ आहे, बदक आहे, आणि खाली गुणवंतरावांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली ओळ आहे: 'सरोवर गच्चीवरून दिसते. खोलीतून पाण्याची टाकी दिसते.'

मी तिथे अकरा वर्षं उतरतो आहे. जिनिंगच्या मशिनींचे पट्टे आणि बेअरिंग विकणं हे माझं काम. कापूस सुरू झाला की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीहून निघायचं, सेलू, वर्धा, हिंगणघाट करायचं आणि मुक्काम इथे ठेवायचा. शहरातल्या लॉजपेक्षा स्वस्त, आणि कोणी फार बोलायला लावत नाही, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुसरा अंदाज साफ चुकला.

एकदा नागपूरचं नवं जोडपं आलं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. गुणवंतरावांनी त्यांना तीन नंबरची खोली दाखवली आणि गादीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "हिच्यात मधात खड्डा आहे. दोघंही कुठूनही झोपा, सकाळी मधातच सापडसान. काही लोकाले चालते, काहीले नाई." मुलगी लाजून भिंतीकडे बघायला लागली. मुलगा म्हणाला, "हीच द्या." एका रात्रीसाठी आलेले ते तीन रात्री राहिले.

एकदा कुठल्याशा खात्याचे एक मोठे साहेब उतरले. साहेबांनी चादरीवरच्या डागाकडे नुसतं पाहिलं. गुणवंतराव लगेच म्हणाले, "चादर धुतलेली आहे साहेब, डाग धुतला जात नाई. चहाचा आहे. पडला तवा मी समोरच होतो." साहेबांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनीच चहा मागवला.

नाश्त्याला पोहे असतात, ते गुणवंतराव स्वतः करतात. आठ वाजता उत्तम असतात. नऊ वाजता कोणी मागितले तर ते सांगतात, "आता खाऊ नका. रबर झालं त्याचं."

पण खरी परीक्षा निघताना असते. टेबलावर एक जाड, लांबोडकी वही, तिला सुतळीनं बांधलेलं पेन. प्रत्येक गिऱ्हाइकानं जाण्यापूर्वी तीत लॉजची एक तरी खोट लिहायची. लिहिल्याशिवाय बॅग हलू देत नाहीत. एका लहान मुलीनं लिहिलं होतं, 'आईने मला पाण्यात जाऊ दिले नाही.' गुणवंतरावांनी ती वही आईसमोर धरली. "खोट तुमची आहे बाई, पण वही माही आहे. उत्तर द्या." आईला मुलीला घेऊन पुन्हा तलावावर जावं लागलं.

ते एकेक तक्रार हाती घेतात आणि काम झालं की समोर लिहितात, 'झालं'. वहीभर अशी 'झालं'ची रांग आहे. पंख्यासमोर मात्र अकरा वर्षं जागा रिकामी आहे.

मी त्या वहीत दर वेळी लिहायचो, 'काही तक्रार नाही.'

"असं कसं जी?" ते चिडायचे. "मानूस आहा का भिंतीवरचा फोटो? मच्छर चावले नाई?"

"चावले."

"मंग लिवा ना!"

"त्यात काय एवढं?"

एकदा फारच धरून बसले तेव्हा मी लिहिलं, 'साबण लहान.' पुढच्या महिन्यात माझ्या खोलीत कपडे धुण्याच्या साबणाएवढी अंगाला लावायची वडी होती. ती मला सीझनभर पुरली. मी त्यानंतर पुन्हा 'काही तक्रार नाही'वर आलो. माझा स्वभावच तसा आहे. घरीही मी काही बोलत नाही. ज्याला बोलायची सवय नसते त्याच्या पोटात बरंच काही राहतं, आणि त्यातलं सगळंच चांगलं नसतं. त्यातलंच एक आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी लॉज ओस पडायला लागला. तलावाच्या पलीकडे नवीन, चकचकीत राहण्याच्या जागा झाल्या होत्या. लोक हल्ली फोनवर आधीच्यांचे अनुभव वाचतात, तारे मोजतात आणि मगच येतात. आमच्या लॉजबद्दल फोनवर एकच मजकूर होता, तोही गुणवंतरावांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेला: 'खोल्या पाच. त्यातल्या तीन बऱ्या.'

मी एका संध्याकाळी घरी बसून, भलत्याच नावानं, पाच तारे देऊन लिहिलं, 'अप्रतिम जागा. खोलीच्या खिडकीतून, अंथरुणात पडल्या पडल्या तलाव दिसतो. गरम पाणी चोवीस तास. आई-वडिलांना घेऊन जाण्यासारखी.' लिहायला पाच मिनिटं लागली. पट्टे विकताना मी रोज असंच बोलतो.

लोक येऊ लागले. खोट पाहून काही हसले, काही परत गेले. पुढच्या महिन्यात मी पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो तेव्हा गुणवंतरावांनी मला सगळी हकीकत सांगितली. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"नागपूरहून एक पोरगा आला जी, मायले घेऊन. म्हातारीचे गुडघे गेलेले. गाडीतून उतरवता उतरवता अर्धा तास. मी खोट दाखवाले लागलो तर मनते, 'मले फक्त खिडकी दाखवा, आईले तलाव पाह्यचा आहे.' मी टाकी दाखवली. त्यानं फोन काढून माह्या डोळ्यासमोर धरला. 'हे काय लिहिलं तुम्ही? म्हाताऱ्या मानसाले फसवता? खोटारडे कुठले!' खोटारडा मनलं मले. माह्या दारात उभं राहून."

"मग?"

"मंग काय? म्हातारीले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. नेली गच्चीवर. घंटाभर पाहत बसली बापा. पोरगा मातर जाताना बोलला नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोन्या दुश्मनानं लिवलं असन हो?"

मी पोह्यातला शेंगदाणा बाजूला सारत म्हणालो, "लोक काय, काहीही लिहितात."

मजकूर मी खोडलाही नाही. खोडला तर कोणाला कळेल, अशी भीती. त्या शेंगदाण्यासकट ते वाक्य माझ्या घशात जवळपास दोन वर्षं अडकून होतं.

या जानेवारीत गेलो तर पाटीवरचं 'सरोवर' पांढऱ्या रंगानं पुसलेलं. कमळ आणि बदक यांच्यामध्ये नुसतं 'लॉज'. टेबलावर वही नव्हती. गुणवंतरावांनी मला पाहिलं, खणातून चावी काढली आणि पुढे केली.

मी चावी घेतली नाही. "खोट?"

"काही नाई जी. जा, आराम करा."

"गिझर?"

"आहे तसाच आहे."

"नंतर म्हणेन, सांगितलं नाही."

ते हसले नाहीत. "दाखवूनही लोक खोटारडा मनते. येनारा फोन वाचून येते, दाखवलेलं त्याले दिसत नाई. होळीपर्यंत चालवतो, मंग बंद करतो."

त्या खोलीत मी अकरा वर्षांत पहिल्यांदा परका झालो. पंखा तीनवर ओरडला तर वाटलं, हा मला उगाच ओरडतो आहे.

सकाळी ते गच्चीवर उन्हात बसले होते. समोर तलाव, त्यावर हलकं धुकं. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "गुणवंतराव, तुम्हाला हे खोट दाखवायचं वेड लागलं कुठून?"

त्यांनी तलावाकडे बोट केलं.

"माह्या लग्नात माह्या मामानं मधस्थी केली. पोरीच्या बापाले सांगतलं, तलावाकाठी घर आहे, सैपाकखोलीतून पानी दिसते. लग्न जमवासाठी बोलतच राह्यते लोक. तीही बिचारी तेच आयकून आली. आली तवा सैपाकखोलीत खिडकीच नोती. भिंत होती." त्यांनी हातानं हवेत भिंत दाखवली. "मी वाटच पाहत होतो, आता बोलन, मंग बोलन. सव्वीस वर्षं, एका शब्दानं बोलली नाई. रोज धुनं घेऊन तलावावर जाये, पाहून ये. घरात मातर कशालेच नाव ठेवलं नाई तिनं. भाजीत मीठ नाई, पंखा नाई, नवरा चिडते, काहीच नाई. मले वाटे, बायको सुखी आहे."

खाली रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"पोटात दुखे तेही नाई सांगतलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर मने, एवढे दिवस काऊन थांबल्या बाई? तिनं माह्याकडं पाह्यलं फक्त. मी तरी कवा विचारलं होतं जी, तुले काही कमी आहे का मनून? हा जिना मी ती गेल्यावर बांधला. कोन चढनार होतं? मंग खोल्या काढल्या. येनाऱ्याले आंधी सांगाचं काय नाई ते, अन् जानाऱ्याले विचाराचं काय कमी पडलं. बस."

मी उठलो. खाली जाऊन टेबलाचा खण उघडला, वही काढली आणि पेनाची गुंतलेली सुतळी सोडवत बसण्याइतका धीर नव्हता म्हणून उभ्यानंच लिहिलं. 'अंथरुणातून तलाव दिसतो, हे फोनवर मी लिहिलं होतं. लोक काहीही लिहितात, हेही मीच म्हणालो होतो. खोट माझी आहे.' खाली सही केली आणि वही वर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली.

ते ओठ हलवत वाचतात. दोनदा वाचलं.

"तुमी?"

"हो."

"काऊन जी?"

"तुमचा लॉज चालावा म्हणून." त्यांनी मान वर केली नाही. मला कळलं, हे अर्धंच खरं आहे. "आणि तुमच्यासमोर मला लाज वाटायची. तुम्ही खोट दाखवून खोली देता. मी एका सीझनचा पट्टा दोन सीझन चालेल म्हणून विकतो. वाटलं, तुमचाही धंदा थोडा माझ्यासारखा व्हावा."

"अकरा वर्षांत तुमच्या हातून पैल्यांदा तक्रार निंगाली."

"साबणाची केली होती."

"ते साबनाची होती." त्यांनी वही मिटली. "राग आला आहे मले. दोन-तीन महिने राह्यन. सांगून ठेवतो, नंतर म्हणसान सांगतलं नाई."

हे ऐकून मला जे हलकं वाटलं ते कसं सांगू? मला खोट दाखवली होती त्यांनी, स्वतःची.

मी फोन काढून तो मजकूर त्यांच्यासमोर खोडायला घेतला. त्यांनी माझा हात धरला.

"नुसता खोडू नका. खरं लिवा आता. तुमच्या नावानं लिवा."

त्यांनी सांगितलं, मी लिहीत गेलो. पंखा, गिझर, खिडकी, गादीतला खड्डा, पाल, पोह्यांची वेळ. टाकी दोनदा लिहायला लावली. शेवटी म्हणाले, "तलाव गच्चीवरून दिसते. पायऱ्या अठरा आहे. ज्याले चढता येत नाई त्याले खुर्चीत बसवून नेतो."

"एकट्यानं कसं न्याल? त्या वेळी मुलगा होता बरोबर."

ते तलावाकडे तोंड करून म्हणाले, "एकट्याले नाई होत. तेही लिवा. खोट आहे ते."

मी लिहिलं, 'मालक एकटे आहेत.' आणि त्यांना न विचारता पुढे एक ओळ घातली: 'महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यावे. तेव्हा खुर्चीची दुसरी बाजू धरायला माणूस असतो.'

पाठवण्यापूर्वी सगळं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"हे खरं आहे का?"

"हो."

"मंग राहू द्या," ते म्हणाले, आणि पायानं चप्पल शोधू लागले. "चला. काल तुमाले खोली दाखवाची राह्यली."