पेटी चालू होती

रामनाथ पाटील गेले त्या दुपारी कोन गावात इतका उकाडा होता की रडणारी माणसेसुद्धा मधूनच थांबून पंख्याखाली सरकत होती. लेक उन्नती नवऱ्याच्या नोकरीपायी अंदमानात. तिचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होते. "मला बाबांचं तोंड दाखवल्याबिगर नेऊ नको, दादा," एवढेच ती फोनवर म्हणाली, आणि थोरल्या प्रितेशने बापाच्या पायाशी उभे राहून शब्द दिला.

म्हणून केसरीनाथची पेटी आली. केसरीनाथ मांडव, खुर्च्या आणि मयताची फ्रीजरपेटी भाड्याने देई. "एकदम फर्स्ट क्लास माल, प्रितेशभाऊ. एक दिस ठेवा न्हायतर चार," असे म्हणून तो जेवायला गेला.

पेटी तासभर गार झाली, मग घरघरली, मग तीही गेली. लाइट होती, पंखे फिरत होते. पहिल्या फोनला केसरीनाथ म्हणाला, "व्होल्टेज बघा." दुसऱ्याला म्हणाला, "झाकण सारखं उघडू नका." तिसऱ्याला त्याचाच फोन बंद. शेवटी काळूराम मासळीवाल्याने टेम्पोतला सगळा बर्फ आणून ओतला. बर्फाला बोंबलांचा वास होता.

"आसू दे," प्रितेशची आई डोळे पुसत म्हणाली. तिला सगळा गाव आक्का म्हणे. "त्यांना आवडायचं."

सकाळी वास नुसता बोंबलांचा राहिला नव्हता. भाऊकीतल्या मोठ्यांनी प्रितेशला बाजूला घेतले आणि त्याने शब्द मोडला. उन्नती बॅग घेऊन थेट स्मशानात पोचली तेव्हा चिता विझत आली होती. तिने केसरीनाथला गाठले, तर तो बेधडक म्हणाला, "पेटी चालू होती, ताई. घाई तुमच्या दादालाच होती."

बापाच्या गोदामांच्या जागेची भावाबहिणीत वाटणी व्हायची होती, त्यामुळे हे पटायला सोपे होते. तेरावे झाल्यावर उन्नती गेली आणि तिने भावाचा फोन उचलणे सोडले. राखीही आली नाही. प्रितेश आतून पार मोडला.

गावात सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या मनोजने सांगितले, "ग्राहक आयोगात जा. एवढ्या लहान दाव्याला फी न्हाय, वकील लागत न्हाय. भरपाई किती लिहू?"

"भरपाई नको. पेटी बंद होती, एवढं सरकारी कागदावर पायजे."

"नुसतं तेवढ्यासाठी कोण तक्रार करतं? भाडं परत आन् मानसिक त्रास, असं टाकतो."

आधी नोटीस गेली, मग तक्रार. तारखा घेत घेत वर्ष सरले आणि एकदाची ठाण्याला सुनावणी लागली. केसरीनाथने वकील आणला होता आणि पुरावा म्हणून व्हिडिओही. व्हिडिओत पेटी मजेत घुरघुरत होती आणि आत, जिथे रामनाथ झोपले होते तिथे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या गार होत होत्या. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी व्हिडिओ मध्येच थांबवला. "मागे पाना घेऊन बसलेला हा गृहस्थ कोण?"

"मेकॅनिक, मॅडम," केसरीनाथ अभिमानाने म्हणाला. "त्यानेच तर चालू केली."

वकिलांनी घाईघाईने दुसरा मुद्दा काढला. पेटी समाजकार्य म्हणून मोफत दिली होती. पैसे दिल्याची पावती नाही. आणि फुकट सेवा घेणारा कायद्याने ग्राहकच ठरत नाही.

प्रितेशने उगाच खिसे चाचपले. मयताच्या घरात पावती कोण मागतो? तेराव्याला त्याने नोटा मुठीत दाबून दिल्या होत्या आणि केसरीनाथने न बघता खिशात सारल्या होत्या. सगळीकडे तसेच देतात.

"फुकट होती व्हय?" मागून आक्का उठली. तिला खरोखरच बरे वाटलेले दिसत होते. "मंग गावात सांगते. दिघाशीला आमच्या रंगूबाईचा म्हातारा आजउद्यावर हाय. खारबावला पन दोघं हायती. सगळ्यांना म्हनते, केसरीनाथकडं जा, पेटी फुकट."

"फुकट?" केसरीनाथ ताडकन उभा राहिला. "काकी, असं कुठं बोलू नका! मॅडम, पुरं भाडं घेतलंय मी. तेराव्याला, रोख!"

वकिलांनी डोळे मिटून घेतले.

आदेश आला. भाडे परत, वर मानसिक त्रासाची भरपाई, आणि प्रितेशला हवे होते ते वाक्यही, की पेटी बंद पडली होती हे सिद्ध होते. त्याने त्याखाली लाल रेघ ओढून फोटो उन्नतीला पाठवला आणि फोन हातात धरून बसला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबांचं तोंड मला दिसलं न्हाय," उन्नती कडाडली, "आन् मानसिक त्रासाची भरपाई तुला?"

"घे गो. समदी घे." प्रितेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. वर्षभराने बहीण भांडत होती.

"समदी नको. निम्मी." मग तिचा आवाज उतरला. "दादा, बाबा दिसत कसे होते रं?"

"झोपल्यासारखे. शेवटची दाढी मीच केली. वस्तरा गालाला जरा लागला. तू असतीस तर वरडली असतीस."

"आता वरडते," उन्नती म्हणाली, आणि रडत रडत पोटभर ओरडली.