बदकांसाठी स्थळ

रविवारी सकाळी आमच्या दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर नाक वर करून उभा असलेला म्हातारा दिसला, तर घाबरू नये. ते माझे शेजारी नाना. कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला की त्यांचा चेहरा पडतो आणि भांड्यात डोकावल्याशिवाय ते हलत नाहीत. आमच्याकडे एकदा नुसती शेवभाजी होती, तरी डावाने तळ ढवळून त्यांनी खात्री करून घेतली.

कारण त्यांची बदकं; त्यातलं एखादं कुणी शिजवलं तर नाही ना, ही धास्ती. तोंडावर लाल चामखिळी, अंगानं जाडजूड, ओरडता येत नाही म्हणून नुसती फुसफुसणारी. नानांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, हौसेनं एक जोडी आणली होती. काकू गेल्या, बदकं मात्र वाढत राहिली. यंदा नाना निवृत्त झाले. महिनाअखेर क्वार्टर सोडून पुण्याला मुलाकडे जायचं होतं, आणि फ्लॅटमध्ये बदकं कुठे ठेवणार?

मग नाना स्थळं बघू लागले. घरात खाणारी माणसं किती, सणाला काय शिजतं, पाहुणे कुठले येतात, सगळी चौकशी. स्वतः नाना मटणाचे शौकीन, पण ओळखीचं जनावर ताटात नको. एका वेल्डरला त्यांनी एक नर दिला आणि रोज संध्याकाळी त्याला बघायला जाऊ लागले. शेवटी वेल्डरच्या बायकोनं बदक परत आणलं. बदकाचा काही त्रास नाही म्हणाली, नानांचा आहे.

कोंबडीवाल्या रफिकभाईंनी सरळ सांगितलं की माद्या ठेवीन, नर कापीन. नानांनी खरं बोलल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन जेवले नाहीत.

"बठ्ठा गोड बोलतस," मला म्हणाले, "पन सुरी कोना घरमा नही?"

नाना मूळचे शिरपूरकडचे. काळजी वाढली की त्यांची अहिराणी बाहेर येते; बठ्ठा म्हणजे सगळे. महिना संपत आला तसे ते दुसरं काही बोलेनात, आणि माझीही झोप उडाली. उरलेली बदकं आपल्याच गळ्यात पडणार, हे बायकोनं मला स्पष्ट सांगितलं होतं.

फैजपूरला माझ्या मामेभावाची केळीची बाग आहे. विहिरीजवळ गवत, किडे, गोगलगायी भरपूर, आणि घरात अंडंसुद्धा येत नाही. नानांनी कुत्री, मुंगूस, फवारणी, सगळं विचारून घेतलं आणि एकदाचा होकार दिला.

महिनाअखेरीला बागेत टेम्पोतून आम्ही टोपल्या उतरवल्या. शेवटच्या टोपलीमागे एक वळकटी निघाली, सोबत पातेलं आणि काकूंचा फोटो. मी नानांकडे पाहिलं, तर ते बदकांकडे बघत होते.

"दोन दिन मी आठेच र्‍हासु," बागेकडे हात करत ते म्हणाले. "त्यास्ले नवी जागा शे. घाबरतीन."

मुलगा न्यायला कधी येणार, मी विचारलं.

"फोन करनार व्हता. आजून नही उना."

म्हणजे फोन आलाच नव्हता. हा माणूस महिनाभर दारोदार जागा मागत फिरला, आणि त्याची स्वतःची कुठेच ठरलेली नव्हती. भिंतीला भिंत लागून राहत होतो, तरी मला पत्ता नव्हता.

भावानं शेडमधली खाट ओढून टोपल्यांशेजारी सावलीत टाकली, तिच्यावर नानांची वळकटी ठेवली आणि म्हणाला, "दोन्ही टाइमचा डबा घरून येईल, नाना."