हेल्मीबाईंची सतरंजी

लोणच्याची बरणी उघडू नका, असं लेकीनं, दीक्षानं, निघताना बजावलं होतं. ती आणि जावई ललित बोटीनं दीपगृह पाहायला गेले. मायाला बोट लागते म्हणून ती मागे राहिली, ती राहिली म्हणून तिचा नवरा श्रावणराव तायडे राहिले, आणि मागे राहिलेल्या माणसाला भूक लागते.

फिनलंडच्या किनाऱ्यावरचं राउमा हे जुनं गाव. घरं लाकडाची, शे-दोनशे वर्षांची. त्यातलंच एक लेक-जावयानं चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलं होतं. अकोल्याच्या जठारपेठेतून निघालेली बरणी विमानातून इथवर सुखरूप आली होती, पण झाकण काही हलेना. श्रावणरावांनी ती मांड्यांमध्ये धरली, रुमाल गुंडाळला आणि जोर लावला. झाकण हातात आलं, बरणी सुटली.

खाली सतरंजी होती. जुन्या कापडाच्या पट्ट्या विणून केलेली, करड्या रंगाची. काल घर दाखवताना मालकीणबाई हेल्मी फार बोलल्या नव्हत्या. फक्त या सतरंजीकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, “माझ्या आजीनं विणलेली आहे.”

“अवो, काय पाडलं?” स्वयंपाकघरातून माया ओरडली.

“काई नाई.”

“मंग वास काह्याचा येऊन राह्यला?”

ती बाहेर आली. सतरंजीवर फोडी, तेल आणि हळदीचं तळं.

“बाप्पा! आता पोरीले काय तोंड दाखवू?”

“पुसून टाकू ना.”

पुसल्यावर वीतभर डाग हातभर झाला. श्रावणरावांनी धावत जाऊन न्हाणीतला साबण आणला आणि खसाखसा घासला. हळदीला साबण लागला की काय होतं हे मायाला ठाऊक होतं, पण ती सांगेपर्यंत डाग लालभडक झाला होता.

“कोनी पायलं त म्हनंन, खून झाला इथं,” श्रावणराव पुटपुटले.

काल फिरताना पाण्याकाठी बायका सतरंज्या धूत होत्या, ते मायाला आठवलं. पाच मिनिटांत दोघं रस्त्यावर. श्रावणरावांच्या खांद्यावर गुंडाळी, आणि लाल डाग नेमका बाहेरच्या बाजूला. येणारेजाणारे बघत होते, पण बोलत कुणीच नव्हतं.

“हे लोकं काई इचारत कावून नाईत?”

“इचारलं असतं त काय सांगतलं असतं तुमी?”

काठावर लाकडी हौद होते, पिळायला दोन रुळांचं यंत्र होतं, वाळवायला लांब दांड्या होत्या. तिथल्या एका बाईनं डागाकडे पाहिलं, श्रावणरावांकडे पाहिलं आणि न बोलता मायाच्या हातात ब्रश दिला. मायानं पदर खोचला.

“हयदीले ऊन पायजे फक्त,” ती म्हणाली.

तिचं खरं निघालं. दोनदा घासून उन्हात टाकल्यावर डाग उतरत गेला. पण तो जिथं होता तेवढाच भाग असा उजळला, की बाकीची सतरंजी मळकट दिसायला लागली.

“आता?”

“आता काय! पुरी घासा लागते.”

हौदातलं पाणी काळं झालं. बदललं, पुन्हा काळं झालं. ब्रश देणाऱ्या बाईनं दुसरं टोक धरलं. चार वाजता दांडीवर जे वाळत होतं ते करडं नव्हतंच. गडद निळे आणि पांढरे पट्टे होते.

“हे आपलीच हाये ना?” श्रावणरावांनी घाबरून विचारलं.

“आपली नाई, त्या बाईची हाये. थेच त भेव हाये,” माया म्हणाली.

कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरवून दोघांनी सतरंजी जागच्या जागी अंथरली. सहा वाजता दीक्षा आणि ललित परतले. सोबत हेल्मीबाई, दीक्षानं त्यांना कॉफीला बोलावलं होतं. बाई उंबऱ्यातच थांबल्या, हळू आवाजात काहीतरी बोलल्या. दीक्षाचा चेहरा उतरला.

“आई, ही सतरंजी त्यांची नाही म्हणतात. त्यांची करडी होती. ती कुठं गेली, विचारून राहिल्या.”

श्रावणराव छताकडे बघायला लागले.

“मी सांगतो,” माया पुढं झाली. “माह्या हातून लोनचं सांडलं, बाई. हे तुमचीच हाये. धुतली मी.”

“खोटं बोलून राह्यली ते!” श्रावणरावांना राहवलं नाही. “मी पाडलं. साबनही मीच लावला.”

दीक्षानं सगळं बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. हेल्मीबाई गुडघ्यांवर बसल्या. एका पट्ट्यावरून तळवा फिरवत राहिल्या.

“रागावली का वं?” श्रावणरावांनी कुजबुजत विचारलं.

“बाबा, थांबा ना!”

मग बाई बोलल्या, आणि दीक्षा अडखळत सांगू लागली. “आजोबा जहाजावर होते. त्यांचे निळे सदरे फाडून आजीनं ही विणली, असं आजी सांगायची. यांनी जन्मभर करडीच पाहिली. आजी निळी म्हणाली, की घरातले एकमेकांना डोळे मिचकावायचे. म्हातारी झाली, काहीही बोलते, म्हणून.”

हेल्मीबाई उठल्या आणि कॉफी न घेताच निघून गेल्या. माया सतरंजीकडे बघत बसली.

पंधरा मिनिटांनी दार वाजलं. हेल्मीबाई परत आल्या होत्या. खांद्यावर मातकट रंगाची गुंडाळी, मागे शेजारीण, तिच्या काखेत आणखी एक.

“काय म्हनते?” मायानं विचारलं.

“ही आजीच्या बहिणीची. ही लाल आहे, असं ती सांगायची म्हणे. खरं का, विचारतात.”

मायानं नखानं कोपरा खरवडला, उजेडात धरला. “लाल कुठची? हिरवी निंगंन हे.” आणि पदर खोचला.

“उद्या आपण चर्च पाहणार होतो ना?” ललित क्षीण आवाजात म्हणाला.

श्रावणरावांनी शेजारणीच्या काखेतली गुंडाळी काढून जावयाच्या खांद्यावर ठेवली.

“चर्च पाचशे वर्सांपासून उभं हाये ना, जावाईबापू? आनखी एक दिवस थांबंन ते.”