माथेरानच्या हवेतल्या कुरडया

बदलापुरातल्या कुळगावच्या उन्हाला हरिचंद्र भोईर जन्मभर शिव्या देत आला होता. मे महिन्यात बातम्यांत बदलापूरचा पारा दाखवला की तो टीव्हीच बंद करायचा, जणू तेवढ्याने घर गार होणार होतं. अशात लेकीचं, जिज्ञासाचं, लग्न ठरलं ते थेट माथेरानला. जावई दिपेश, सासू इंदुबाई, त्यांचं चिक्कीचं दुकान आणि पंख्याशिवाय झोप लागते असं घर. पोरगी सुटली या भट्टीतून, असं हरिचंद्र भेटेल त्याला सांगत सुटला.

लग्न तोंडावर आलं. रुखवतात कुरडया हव्यात आणि त्या आईच्याच हातच्या, पांढऱ्याशुभ्र हव्यात, हा हरिचंद्राच्या बायकोचा, सखूबाईचा, हट्ट. तिच्या स्वतःच्या रुखवतातल्या कुरडयांचं नाव भावकी अजून काढायची. गहू भिजले, वाटले, चीक निघाला. नेमकी तेव्हाच हरिचंद्राच्या डोक्यात कल्पना आली.

“या धगीत कशाला मरतेस? चीक घेऊन वर जाऊ. डोंगर उंच, म्हणजे सूर्याला जवळ. इथे दोन दिवस लागतात, तिथे एका दिवसात खडखडीत.”

“पप्पा, सूर्य काय ताडगोळा आहे का, वर चढून तोडायला?” जिज्ञासा म्हणाली.

“तू मेंदीचं बघ.”

त्याने लगेच विहीणबाईंना फोन लावला. इंदुबाईंनी आधी चीक किती निघाला ते विचारलं. मग म्हणाल्या, “या की व्याहीबुवा. अंगण तुमचंच आहे.”

नवरीला घरी ठेवून नवरा-बायको निघाली. नेरळहून टॅक्सी, पुढे गाड्यांना बंदी, म्हणून चिकाचे डबे घोड्यावर चढले आणि हरिचंद्र पायी. इंदुबाईंच्या चुलीवर चीक शिजला, सोऱ्यातून कुरडया पडल्या, अंगणभर धोतरावर पसरल्या. सगळं छान झालं. फक्त ऊन नव्हतं. अंगणावर जांभळीची दाट सावली, आणि त्यातून जे काही खाली यायचं ते चाळणीतून गाळल्यासारखं.

दुपारी तेही गेलं. पांढरा ढग कुंपण ओलांडून सरळ अंगणात आला आणि कुरडयांवर बसला. माकडं टपलेलीच होती. हरिचंद्राने काठी घेतली. ढगात एक आकृती वाकलेली दिसली, त्याने काठी हाणली.

“मी आहे, पप्पा,” दिपेश पाठ चोळत म्हणाला. “कुरडया झाकत होतो.”

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या तशाच ओल्या, वर आंबूस वास यायला लागला. सखूबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उंबऱ्यात बसून डोळे पुसत राहिली. “पोरीच्या रुखवतात काय मांडू? खीर?”

हरिचंद्राने हळूच जिज्ञासाला फोन केला.

“पप्पा, समुद्राची हवा त्या डोंगराला धडकते, वर चढते, गार होते आणि तिथेच तिचा ढग होतो. उंचावर गारच असतं. आपण डोंगराच्या मागे खालच्या खोलगटात, गार वारा आपल्यापर्यंत धड पोचतच नाही. तुम्ही वाळवण फ्रीजमध्ये घातलंय. ताबडतोब खाली आणा, इथे गच्चीवर चपला चिकटतायत.”

इंदुबाईंनी घरातली सगळी सुपं, ताटं, परातीसुद्धा काढून दिल्या. तान्हं मूल न्यावं तशा कुरडया मांडीवर घेऊन दोघं टॅक्सीत बसली आणि टॅक्सी घाट उतरू लागली. प्रत्येक वळणाला हवा तापत गेली आणि सखूबाईच्या चेहऱ्यावर रंग येत गेला. कुळगावात उतरल्यावर उन्हाची पहिली झळ तोंडावर बसली, तेव्हा हरिचंद्राला माहेरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत कुरडया खडखडीत वाळल्या. सखूबाईने एक तळून पाहिली. ती कढईत फुलली, वास कुठल्या कुठे पळाला. हरिचंद्र तापल्या गच्चीत उभा राहिला आणि त्याने मावळत्या सूर्याला हात जोडले. “बाबा, जन्मभर तुला शिव्या घातल्या. तू मात्र पोरीच्या आईची लाज राखलीस.”

लग्नात रुखवतापुढे इंदुबाई थबकल्या. कुरडई हातात घेऊन म्हणाल्या, “इतक्या वर्षांत आमच्याकडे एक धड वाळली नाही हो.”

“मग फोनवर का नाही बोललात?” हरिचंद्राने विचारलं.

“मुलीच्या बापाचा पहिलाच शब्द. तो कसा मोडायचा?” त्या जरा लाजल्या. “आणि खरं सांगू? स्थळाचा फोटो आला, तेव्हा मुलगी नंतर पाहिली. आधी तिच्या मागची गच्ची पाहिली.”

पाठवणीच्या वेळी दिपेशने गाडीतून गव्हाचं पोतं उतरवलं. “पुढच्या उन्हाळ्याचे, पप्पा. वाळवण घालायला हिला दर मे महिन्यात आई इकडेच पाठवणार आहे. महिनाभर.”

सखूबाई रडता रडता हसली. हरिचंद्राने पोतं स्वतः उचलून घरात नेलं.

रिकाम्या घरात त्याने टीव्ही लावला. बदलापूरचा पारा उद्यापासून उतरणार, असं बातम्यांत सांगत होते. हरिचंद्राने टीव्ही बंद केला.