पान एकोणिसावरचा गिअर

पुस्तक वाचून सुटणार नाही अशी अडचण जगात नाही, याची लेकीला बालंबाल खात्री होती. म्हणूनच निवृत्तीनंतर बाबांनी सुट्या भागांतून रिमोटची गाडी जोडायला घेतली (बॅटरीची नव्हे, खऱ्या इंधनावर फटफटणारी!) तेव्हा माहितीपुस्तिका तिने ताब्यात घेतली. बाबांच्या मते पुस्तिका म्हणजे खोक्यात नट हलू नयेत म्हणून कोंबलेला कागद.

त्या रविवारी मागच्या चाकांचा मोठा गिअर तेवढा बसवायचा राहिला होता.

"डावीकडे," लेक म्हणाली. "पान एकोणीस."

"उजवीकडे. नाहीतर चाकं उलटी फिरतील."

"छापलंय, बाबा!"

"छापणाऱ्यानं गाडी चालवली होती का?"

"तुम्ही तरी कुठे चालवलीय?"

"चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी. गच्चीवर निघालेला एकही माणूस तळघरात पोचला नाही!"

"माझ्या पिठाच्या डब्यात एक जरी स्क्रू सापडला," स्वयंपाकघरातून आई कडाडली, "तर दोघांनाही तेच वाढीन!"

शेवटी बाबांनी हात टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच. गिअर डावीकडे बसवून चारही स्क्रू त्यांनीच आवळले.

सोमवारी सकाळी बाबा गेले. दाढी अर्धीच झाली होती.

महिन्याभराने लेकीने ठरवलं, गाडी चालवायचीच. बाबांच्या हातचं शेवटचं काम वाया गेलं असं कुणी म्हटलेलं तिला सोसवलं नसतं. मदतीला धाकटे काका आले. निवृत्त बसड्रायव्हर. रिमोट त्यांनी मागितला नाही, घेतलाच.

"तीस वर्षं बस हाकली. ही तर बसची नात!"

इमारतीमागच्या फरशीवर लेक स्टार्टरची दोरी ओढत सुटली. खांदा निखळायच्या बेताला आला तेव्हा कुठे इंजिन डिवचलेल्या गांधीलमाशीसारखं गरजलं. काकांनी खटका दाबला. गाडी सुसाट सुटली. मागे!

"काका, मागे चाललीय!"

"मग पुढे घेतो!" म्हणत काकांनी आणखी गॅस दिला. गाडीला रिव्हर्स नव्हताच. जितका गॅस जास्त, तितकी ती जोरात मागे! काकांच्या दोन पायांतून पार झाली, वळली आणि थेट पहारेकऱ्यावर गेली. तो बिचारा खुर्चीवर चढून उभा राहिला.

"खटका सोडा, काका!"

"ड्रायव्हरला शिकवू नकोस!"

तिथेच कपडे वाळत घालणाऱ्या आईने दोरीवरची ओली चादर ओढली आणि गाडीवर फेकली. चादर पांघरून गाडीने भुतासारखी एक गिरकी घेतली, चाकांत कापड गुरफटलं आणि... फुस्स!

"साहेबांनी उलटी जोडली वाटतं," खुर्चीवरूनच पहारेकरी म्हणाला.

"दादा तसा घाईचाच," काकांनी लगेच री ओढली. आईनेसुद्धा मान डोलावली!

लेकीने तणतणत पान एकोणीस उघडलं. आकृतीखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: 'गाडी पालथी धरली असता.' पालथी! म्हणजे तिचं डावं ते उजवं.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "मी."

मग ती फरशीवर बसली, चादरीतून गाडी सोडवून मांडीवर घेतली आणि सगळ्यांदेखत मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. आता बोला ना, काय बोलायचंय ते!"